गुडघ्यावर दहा सेकंद

परभणीत, वसमत रोडला, आमच्या झेरॉक्सच्या दुकानाचं शटर
रात्री साडेनऊला पडतं.
दिवसभर सातबारे, जातीचे दाखले, आधार कार्डं;
बोटांना टोनरचा वास.
भाकरी थापून, आईच्या पाठीला तेल चोळून
अकरा वाजता मी गच्चीवर जाते,
पाण्याच्या टाकीला टेकते
आणि होते येलदरी_७.

धरणाचं नाव घेतलं की
कुणी विचारत नाही, बाई की बुवा.
चौदा महिने माइक बंद.
चौदा महिने "येलदरीभाऊ, कव्हर द्या",
"येलदरीभाऊ होते म्हणून वाचलो".
खरं सांगू, आवडायचं.
भाऊ असणं म्हणजे केवढी मोकळी जागा.

त्या रात्री घाईत बोलून गेले,
"डाव्या अंगाला, भिंतीमागं दोघं हायत!"

होते. दोघंच होते.
पण भिंतीकडं कुणी पाहिलंच नाही.

"आवाज ऐकला का बे?"
"पोरगी हाय!"
"ताई, भांडे घासून झाले का?"
"ताई कशाची, नंबर दे की."
मग एकानं भाव विचारला माझा,
मोंढ्यात सोयाबीनचा विचारतात तसा,
ओलावा किती, डाग किती.
आणि आमच्याच टोळीतल्या कुणीतरी
माझ्या पायाशी बॉम्ब टाकला.

धरणाची दारं उघडण्याआधी
खालच्या गावांसाठी भोंगा वाजवतात.
माझ्यासाठी नाही वाजला.

पुढच्या दिवसांचं सगळं लिहीत नाही.
कुणीतरी दुकानाचा पत्ता शोधून ग्रुपवर टाकला, एवढंच.
मग अनोळखी पोरगं मोबाइल काढून काउंटरला उभं राहिलं
की माझा हात मशीनच्या काचेवर तसाच राहायचा,
उजेड बोटांखालून जायचा,
आणि कुणाच्या तरी रहिवासी दाखल्यावर
माझा काळा पंजा छापून यायचा.
ते कागद मी फेकले नाहीत.

मुजम्मिल त्याच टोळीतला, जिंतूरचा.
त्यानं एकटीला लिहिलं:
सॉरी. ते तसलेच आहेत. मला लई वाईट वाटलं.
मी लिहिलं: वाटलं ते तिथं का नाही बोललास?
दोन निळ्या खुणा. उत्तर नाही.

आमच्या खेळात पडलेल्या गड्याला उचलायचं
तर जवळ जावं लागतं.
गुडघ्यावर बसायचं,
दहा सेकंद हलायचं नाही.
तेवढ्यात तुमच्याही पाठीत गोळी बसू शकते.
लांबून हळहळल्यानं
आजवर कुणी उठलेलं नाही.

तेविसाव्या रात्री परत गेले.
का, ते विचारू नका. माझी रँक होती ती, मी कमावलेली.
पुन्हा तेच सुरू.
तेव्हा मुजम्मिलचा माइक उघडला.
तो अडखळत बोलतो, मला ठाऊकच नव्हतं.
"ति-तिला... ना-नावानं हाक मारा.
न-नाहीतर म-मी..."
पुढचं त्यांच्या हसण्यात बुडालं.
नक्कल करायला नवं खेळणं मिळालं त्यांना.
तरी गड्यानं वाक्य सोडलं नाही.
मी मोजत होते. दहाच्या वर भरले.

आणि मग एक खरखरीत आवाज,
आजवर काळभैरव_सेलू या नावानं
मुकाट नेम धरणारा:
"ए, कोण रे तू? नाव सांग, आईचं बी सांग.
सरकारी दवाखान्यात सिस्टर हाय मी.
तुझ्यासारखे साडेचार हजार
ह्या हातांनी बाहेर काढलेत,
उलटं धरून रडवलेत.
थांब, लेबर रूममधून हाक आली.
येलदरी, मी येस्तोवर ह्याला हलू देऊ नको."

तो डाव आम्ही हरलो, वाईट हरलो.
टोळी फुटली. आता आम्ही तिघं.
चौथा येतो, कधी टिकतो, कधी शिव्या देऊन जातो.
पत्ता अजून कुठंतरी फिरतोच आहे.

माइक मात्र उघडा असतो.
खालून आई विचारते, "कोणाशी बोलतीस गं एवढ्या रातीला?"
"खेळतेय."
"मग ये की खाली, संपलं असंल."
"थांब जरा.
मुजम्मिलचं वाक्य पुरं व्हायचंय."